८१ वर्षांच्या आजीचं खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन करावं की पायाला वजन (ट्रॅक्शन) लावून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की आजी मोरीत घसरल्या, डॉक्टर ऑपरेशन म्हणताहेत आणि काका म्हणताहेत, ‘या वयात चिरफाड कशाला, सहा आठवडे वजन लावून झोपवून ठेवू.’ मी मुंबईत ऑर्थोच्या वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर आहे. माझं मत स्पष्ट आहे: ऑपरेशन करा, आणि लवकर करा.

काकांची भीती खोटी नाही. या वयात खुबा मोडलेल्यांपैकी साधारण चार-पाचांतला एक जण वर्षभरात जातो. पण पडून राहिलं की धोका आणखी वाढतो: न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, लघवीचं इन्फेक्शन, पाठीला जखमा. शिवाय मोडलेलं हाड तसंच असताना कूस बदलायची, बेडपॅन द्यायचा, म्हणजे दर वेळी माणूस कळवळतो. आधीपासून अंथरुणाला खिळलेल्या, अगदी शेवटाला आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. तुमच्या आजी परवापर्यंत भाजी आणायला जात होत्या.

खुब्याच्या सांध्याचा बॉल बदलायचा की हाडात रॉड टाकायचा, ते हाड कुठे मोडलंय त्यावर सर्जन ठरवतील. तुम्ही लक्ष ठेवा वेळेवर. दाखल झाल्यापासून ३६ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हावं. दिवस जातात ते फिटनेसमध्ये, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासण्यांत: टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) राहिलाय, फिजिशियन यायचेत, रक्ताची सोय व्हायचीय. रोज सकाळी शांतपणे विचारा, ‘आज नेमकं कशासाठी थांबलोय?’ रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं नाव आल्याआल्या सांगा. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसाठी आठवडाभर थांबायची सहसा गरज नसते, वॉरफरिनसारख्या गोळ्यांचा हिशेब वेगळा. दुखणं कमी करायला जांघेत ब्लॉक, म्हणजे नस बधिर करायचं इंजेक्शन, देता येतो, तो मागा. आणि पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवा. टाचेवरची लाली कुणाच्या लक्षात येत नाही आणि दोन दिवसांत तिथे फोड येतो.

ऑपरेशनच्या दिवशी आजींचा नंबर पुढे ढकलला, तर आजींना उगाच तहानलेलं ठेवू नका. भूलतज्ज्ञांना विचारा. साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं.

रात्री आजी असंबद्ध बोलायला लागल्या, सलाइन ओढू लागल्या, तर घाबरू नका, पण सिस्टरला लगेच सांगा. वेड लागलेलं नसतं. दुखणं, इन्फेक्शन, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, अनोळखी जागा यांनी असं होतं. चष्मा, कानाचं मशीन, कवळी घरी ठेवू नका. रात्री ओळखीचा माणूस जवळ असू द्या.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओ वॉकर धरून उभं करतील. ‘आज राहू दे, दमलीय ती’ असं म्हणून त्यांना परत पाठवू नका. मला सर्वांत जास्त कळकळीनं सांगायचंय ते हेच.

खर्चाचं म्हणाल, तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस) पहिल्याच दिवशी भेटा. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला आहे म्हणता, तर डिस्चार्जआधी कमोडची खुर्ची भाड्यानं आणून ठेवा.

हाडं ठिसूळ झाल्यावरचं औषध डिस्चार्जच्या कागदावर आहे का, तेही बघा. ते बहुतेक वेळा राहून जातं, आणि मग दुसरा खुबा मोडतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी दिसलं होतं. इंजेक्शनआधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासून घेतात.