आधी पेटी, मग सरडा

प्रश्न : माझ्या दुकानात मासे आणि पक्षी आहेत. आता बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको हे पाळायचे सरडे ठेवायचा विचार आहे. पण दुसऱ्या एका दुकानातून नेलेली ड्रॅगनची पिल्लं काही महिन्यांत लुळी पडून मेली, असं कळलं. चूक नेमकी कुठे होते?

उत्तर : पिल्लं लुळी पडली म्हणजे बहुधा हाडं मऊ पडण्याचा आजार. यूव्हीबी (उन्हात असणारे अतिनील) किरण मिळाले नाहीत तर ड्रॅगनच्या अंगात ड-३ जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि शरीर ते हाडांतून ओढून घेतं. खालचा जबडा हाताला रबरासारखा लागतो, बोटं थरथरतात, चालताना पोट जमिनीला घासतं. "दिवा तर रोज लावतो," असं गिऱ्हाईक सांगतं आणि ते खरंही असतं. पण दिवा नुसत्या उजेडाचा असतो, नाहीतर यूव्हीबीची नळी प्राण्याच्या पेटीच्या काचेच्या झाकणावर ठेवलेली असते. साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. जुन्या नळीचा उजेड तेवढाच दिसतो, किरण मात्र घटलेले असतात. म्हणून विकतानाच नळीवर तारीख घाला आणि उत्पादकाच्या मुदतीप्रमाणे, साधारण ६ ते १२ महिन्यांनी, बदलायला सांगा.

आमचा आग्रह एकच : पेटी आणि प्राणी एकाच दिवशी विकू नका. पेटी आधी जाऊ द्या. गिऱ्हाइकाने ती आठवडाभर रिकामीच चालवावी आणि सकाळ, दुपार, रात्र तापमान लिहून आणावं. ड्रॅगनसाठी दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस, थंड टोक २५च्या आसपास. मोठ्या ड्रॅगनला १२० × ६० × ६० सेंमीपेक्षा लहान पेटी नको. गेकोला उबदार बाजूची जमीन ३१-३२ अंश हवी, शिवाय ओलसर शेवाळ भरलेली एक डबी. ती नसेल तर कात बोटांवर अडकून आवळत जाते आणि शेवटी बोट झडतं. थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक राखणाऱ्या यंत्राशिवाय) उष्णतेचं कोणतंही साधन देऊ नका. आतून तापणारे कृत्रिम दगड तर दुकानात आणूच नका. पोट भाजलं तरी प्राणी त्यांवरून हलत नाही.

तुमच्याकडे आलेला प्रत्येक नवा प्राणी किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. त्याचे चिमटे आणि भांडी वेगळी, त्याची साफसफाई सगळ्यांत शेवटी. विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घ्या. दर आठवड्याचं वजन ग्रॅममध्ये, खाल्ल्याच्या तारखा आणि शेवटची कात, एवढं कार्डावर लिहा आणि ते कार्ड गिऱ्हाइकाला द्या. वजन उतरत असेल तर विक्री थांबवा.

प्रश्न : लाल कानाची छोटी कासवं मुलांसाठी खूप मागतात. ठेवावीत का?

उत्तर : नकोत. नाण्याएवढं दिसणारं ते पिल्लू मादी असेल तर २५ ते ३० सेंमीचं होतं आणि तीसेक वर्षं जगू शकतं. टाकी पुरेनाशी झाली की लोक ते तळ्यात सोडतात, आणि तिथल्या मूळ कासवांची जागा ते बळकावतं. दुसरी भीती साल्मोनेलाची, म्हणजे कासवांच्या अंगावर असू शकणाऱ्या, पोट बिघडवणाऱ्या जंतूची. लहान मुलं कासव तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेत १९७५पासून ४ इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे, तिथे कोणताही सरपटणारा प्राणी देऊ नका. बाकीच्यांना हात साबणाने धुवायला आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न ओतायला तोंडी सांगा, लेखीही द्या.