नी लिव्हरची निवड : कोणता बदल कोणत्या गुडघ्याला?

प्रश्न : माझ्याकडे ई-नाइन्थ पद्धतीने जुळवलेली दहा तारांची पेडल स्टील गिटार आहे. तिन्ही पेडल एमन्स क्रमाने (डावीकडून ए, बी, सी) लावलेली आहेत; नी लिव्हर (गुडघ्याने ढकलून तारांचे स्वर बदलणाऱ्या पट्ट्या) मात्र चारच आहेत, दोन डाव्या गुडघ्याला आणि दोन उजव्या. त्यांची जोडणी नव्याने करून घ्यायची आहे, परंतु प्रत्येक वादकाचा तक्ता वेगळा दिसतो. निवड कशी करावी?

उत्तर : तक्ते वेगळे दिसले तरी त्यांचा गाभा बहुधा सारखाच असतो. एखादा बदल एकटा किती गोड वाजतो यापेक्षा तो कोणत्या पेडलबरोबर आणि कोणत्या दुसऱ्या लिव्हरबरोबर लागणार आहे, हे आधी पाहावे. कारण गुडघा एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही. म्हणून एका गुडघ्याच्या दोन दिशांना असे बदल द्यावेत, जे एकत्र कधीच लागत नाहीत.

या कसोटीला सर्वांत चोख उतरणारी जोडी म्हणजे चौथ्या व आठव्या तारेचा ई स्वर एका लिव्हरने एफवर चढवणे आणि दुसरीने ई फ्लॅटवर उतरवणे. ही जोडी डाव्या गुडघ्याला द्यावी. आपल्या क्रमात ए पेडल सर्वांत डावीकडे आहे आणि त्यावर पाऊल झुकले की गुडघाही डावीकडेच ओढला जातो, त्यामुळे एफचा बदल डाव्या दिशेला हवा. (स्टील गिटारवादक जिमी डे यांच्या क्रमात पेडल उलट असतात, म्हणून तेथे तो सहसा उजव्या दिशेला असतो.) मग जी (G) मेजर कॉर्ड तिसऱ्या फ्रेटवर मोकळी (पेडल-लिव्हरशिवाय), सहाव्या फ्रेटवर ए पेडल आणि एफ लिव्हर यांनी, तर दहाव्या फ्रेटवर ए व बी पेडलनी मिळते, या तीन जागांमधली ये-जा हाच ई-नाइन्थ वादनाचा कणा आहे. ई फ्लॅटची लिव्हर बी पेडलबरोबर दाबल्यास बार (तारांवर सरकवायची धातूची कांडी) तिसऱ्या फ्रेटवरून न हलवता पाचव्या ते आठव्या तारांवर डी सेव्हन तयार होते.

उजव्या गुडघ्याच्या उजव्या दिशेबद्दल फारसे मतभेद नाहीत. तेथे दुसरी तार डी शार्पवरून डीवर आणि पुढे सी शार्पवर उतरावी, तसेच नववी तार डीवरून सी शार्पवर यावी. मधल्या डीवरचा अर्धा थांबा गुडघ्याला स्पष्ट जाणवेल इतका पक्का करून घ्यावा. तो बोथट राहिला तर वेगाच्या फिरतीत डी स्वर हमखास निसटतो.

खरा वाद उरलेल्या चौथ्या लिव्हरचा आहे. काही वादक तेथे पहिली तार एफ शार्पवरून जीवर चढवतात आणि त्याच लिव्हरने सहावी जी शार्पवरून एफ शार्पवर उतरवतात. माझे मत पाचवी तार बीवरून बी फ्लॅटवर उतरवण्याच्या बाजूने आहे. ए व बी पेडल दाबलेली असताना हा बदल घेतला की दहाव्या फ्रेटवरची जी मेजर तेथेच जी मायनर होते, आणि एफ लिव्हरबरोबर घेतल्यास चौथ्या फ्रेटवर पाचवी, सहावी, आठवी व नववी या तारांवर संपूर्ण डी सेव्हन मिळते, म्हणजे मोकळ्या जी कॉर्डच्या अगदी शेजारी. पाच लिव्हरच्या वाद्यांवर हा बदल पुष्कळदा डावा गुडघा वर उचलून घेतात, पण मग एफबरोबर तो घेताना गुडघा एकाच वेळी वर आणि डावीकडे न्यावा लागतो. तो उजव्या गुडघ्याला असेल तर ही कसरत टळते. त्या पायाखाली व्हॉल्यूम पेडल असते हे मात्र विसरू नये. लिव्हर गुडघ्याच्या इतकी जवळ असावी, की ती दाबताना घोटा हलू नये.

जोडणीपूर्वी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पाचवी तार ए आणि सी या दोन्ही पेडलनी चढते, तेव्हा चेंजरवर (तारा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्रणेवर) तिला उतरवणाऱ्या दांडीसाठी जागा मोकळी आहे का ते पाहावे. शिवाय चढ आणि उतार एकत्र आले असता तार नेमक्या सीवर थांबावी यासाठी स्प्लिट जुळवणीची वेगळी सोय लागते; ती नसेल तर वर सांगितलेली जी मायनर बेसूर राहील आणि माझ्या शिफारशीचा निम्मा लाभ जाईल. पुढे सहावी तार उतरवण्याचा विचार झालाच, तर ती गुंडाळलेली नसून साधी असावी, कारण गुंडाळलेल्या तारेला तेवढ्याच उतारासाठी लिव्हर बरीच जास्त दाबावी लागते.

एफची जुळवणी करताना ट्यूनरच्या मध्यरेषेवर विसंबू नये. ए पेडल दाबून बनणाऱ्या कॉर्डचा तो तिसरा स्वर असल्यामुळे तो किंचित खाली ठेवावा लागतो. पेडल दाबलेलेच ठेवून, तिन्ही तारा एकत्र छेडत, त्यांच्यातील कंप थांबेपर्यंत तो कानाने उतरवावा.