जीवशास्त्राचे प्राध्यापक संसर्गजन्य रोगांवर नवीन औषध शोधतात म्हणजे नेमकं काय करतात? पीएचडीसाठी अशा प्रयोगशाळेत जावं का?

मी स्वतः हेच काम करतो, क्षयाच्या जंतूवर.

जंतू नुसता मारायचा तर ब्लीचही पुरतं. कस लागतो तो रुग्णाच्या पेशींना धक्का न लावता मारण्यात. म्हणून आम्ही आधी जंतूकडे बघत बसतो. त्याच्यात आपल्याहून वेगळं काय आहे? पेनिसिलिन जंतूला पेशीभित्तिका बांधू देत नाही, आणि आपल्या पेशींना भित्तिका नसतेच. इतका सरळ फरक मात्र दर वेळी हाती लागत नाही.

क्षयावरचं बेडाक्विलिन घ्या. अमेरिकेत त्याला 2012 साली मान्यता मिळाली. आधी असंख्य संयुगं क्षयजंतूच्या एका जलद वाढणाऱ्या चुलतभावावर तपासली गेली आणि त्यातून या औषधाचा माग लागला. ते मारतं हे कळलं, पण मारतं कसं? मग संशोधकांनी त्याला न जुमानणारे जंतू मुद्दाम वाढवले आणि त्यांचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला. बदल सापडला एटीपी सिंथेजच्या जनुकात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रातच. औषधाचा घाव कुठे बसतो, ते जंतूनेच सांगितलं! असलं यंत्र आपल्या पेशींतही असतं, पण त्याची घडण थोडी निराळी. तेवढ्या फरकावर हे औषध उभं आहे. वर्गात हे शिकवताना मला आजही तितकाच आनंद होतो.

आता रोजचं काम. ई. कोलाय हा प्रयोगशाळेतला नेहमीचा जंतू अनुकूल स्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो, क्षयजंतूला जवळपास 20 तास लागतात. प्लेटवर वसाहती दिसायला तीन-चार आठवडे जातात. मध्येच बुरशी लागली की महिना गेला. आणि बरीच संयुगं अशी निघतात, की परीक्षानळीत जंतूच्या विकराला (एन्झाइमला) झकास अडवतात, पण जिवंत जंतूवर काहीच परिणाम नाही. त्याचं मेणचट आवरण त्यांना आत शिरू देत नाही, किंवा शिरलेलं तो पंपाने बाहेर फेकतो. अशा संयुगावर दोन वर्षं घालवलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा मी पाहिला आहे. फार वाईट वाटतं.

तरीही जावं का? वाट पाहणं जमत असेल तर जरूर जा. भेटीत प्राध्यापकांना त्यांच्या शोधनिबंधांबद्दल विचारालच, पण फसलेल्या संयुगांच्या नोंदवह्याही दाखवायला सांगा. एखादं संयुग आत शिरत नाही की शिरून बाहेर फेकलं जातं, हे त्यांनी तपासलेलं असेल, तर तिथे तुम्हाला शिकायला मिळेल.