दुधाची दाढ, पण खाली अंकुर नाही

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या खालच्या दुधाच्या दाढेला कीड लागली आहे. एक्स-रेमध्ये तिच्याखाली कायमच्या दाताचा अंकुरच दिसला नाही. घरचे म्हणतात, दुधाचीच दाढ आहे, काढून टाका. काय करावे?
– एक वाचक, दादर

उत्तर : काढण्याची घाई करू नये. अक्कलदाढा सोडल्यास खालची दुसरी उपदाढ (दुधाच्या दाढेच्या जागी येणारा कायमचा दात) हीच जन्मतः नसण्याचे प्रमाण बरेच असते आणि अशा वेळी तिच्या जागची दुधाची दाढ, तिची मुळे फारशी झिजली नसतील तर, तिशी-चाळिशीपर्यंतही काम देऊ शकते. म्हणून तिची कीड कायमच्या दाताइतक्याच काळजीने काढून सिमेंट भरावे आणि कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली असल्यास नसेचे उपचार करून वर स्टीलची टोपी बसवावी. मात्र संपूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे आधी काढून घ्यावा, कारण अंकुर कधी कधी उशिरा दिसतो आणि दुसऱ्या बाजूचाही नसू शकतो. दाढ हाडाला चिकटून शेजारच्या दातांच्या पातळीखाली जात असेल, तर ती काढून जागा दात सरकवून भरायची की राखायची, हे दंतवक्रता तज्ज्ञ (वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर) ठरवतील. इम्प्लांटचा (हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचा) विचार जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच, म्हणजे साधारण अठरा वर्षांनंतर. खर्चाची चिंता असल्यास मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयातील बालदंत विभागात दाखवावे.