टूलचं वर्णन एजंटला कळेल असं लिही

एआय एजंटला, म्हणजे स्वतः टूल चालवून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला, वापरायला तू जे संपर्क शोधायचं टूल केलंस, त्याचं वर्णन पाहिलं: 'संपर्क शोधतो.' एवढ्यावर एजंटचं भागणार नाही. त्याला तुझा कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला कोणती माहिती द्यायची त्याचे रकाने), एवढंच त्याच्या हाती असतं. ऑफिसात आज रुजू झालेल्या माणसाला सांगशील तसं लिही: 'नाव, ईमेल किंवा फोन नंबरवरून व्यक्ती शोधतो. एका वेळी २० नोंदी, प्रत्येकीच्या आयडीसह देतो. नवीन संपर्क बनवण्यापूर्वी हे चालवावं. कंपनी शोधायला वापरू नये.'

यातलं तिसरं वाक्य फार मोलाचं. ते नसताना माझ्या एजंटने एकाच ग्राहकाच्या तीन नोंदी करून ठेवल्या होत्या. शिवाय त्याचा नंबर कधी शून्य लावून आला, कधी +९१ लावून, कधी नुसता. म्हणून फोनच्या पॅरामीटरपाशी नमुनाही दे: +९१ आणि लगेच १० अंक, मध्ये जागा नाही.

अशा दुहेरी नोंदींची एक नोंद करणाऱ्या 'नोंदी एकत्र करा' या टूलला मात्र सगळ्यात जास्त वेळ दे. कुठली नोंद उरते, कुठली जाते, ती परत आणता येते का, आधी माणसाला विचारायचं का, सगळं लिही. आणि शोधायच्या टूलला काही सापडलं नाही तर रिकामी यादी येते, ती चूक नव्हे, हेही सांग. नाहीतर एजंट तेच टूल पुन्हा पुन्हा चालवत बसतो.