राजीनामा चवथीआधी की चवथीनंतर?

पत्र : माझी मुलगी 25 वर्षांची आहे, बीएस्सी केमिस्ट्री. वेर्ण्याला औषध कंपनीत पॅकिंग विभागात तीन वर्षं काम करते. शिफ्टची नोकरी, पहाटे कंपनीची बस. लहानपणापासून बोलण्यात हुशार, वक्तृत्वाची बक्षिसं आहेत, जत्रेच्या नाटकात कामं करते. कंपनीत मात्र अडकून पडली आहे. नवीन पोरांना कपडे कसे घालायचे आणि मशीन कसं साफ करायचं हे दाखवण्यातच तिचे दिवस वाया जातात. खाणींचं काय झालं ते आम्ही भोगलं आहे, कंपनीचा भरवसा नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे की तिनं कॉर्पोरेट ट्रेनर व्हावं. पणजीत एक संस्था नऊ दिवसांत मास्टर ट्रेनरचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट देते. फी 95 हजार. इंग्रजी कच्चं आहे, तेही करून घेतात. तिथले सर दिवसाला पन्नास हजार घेतात. दहा हजार टोकन भरलं आहे, बाकीसाठी एफडी मोडणार. तिचं म्हणणं नोकरी सोडायची नाही, पण तिला अजून जग कळत नाही. राजीनामा चवथीआधी द्यावा की चवथीनंतर, एवढंच सांगा. (एक वडील, साखळी)

नमस्कार.

चवथीआधी नको आणि चवथीनंतरही नको. टोकन परत मागा, एफडीला हात लावू नका. तुम्ही विचारलंत तेवढ्याचं उत्तर झालं. मला पत्रात खटकलं ते वेगळंच आहे.

'आम्ही ठरवलं आहे.' यातले 'आम्ही' कोण? तुम्ही असाल, तिची आई असेल, एखादे काका-मामा असतील. जिचं ठरवलं ती त्यात नाही, हे उघड दिसतं. सबंध पत्रात तिच्या वाट्याला अर्धं वाक्य आलंय आणि पुढचं अर्धं तुम्ही 'पण' लावून स्वतःकडे घेतलंय. नोकरी का सोडायची नाही, हे तिला विचारलंत का? विचारलं असतंत तर निदान तिचं कारण पत्रात आलं असतं, मग ते तुम्ही खोडून का काढेनात. ही मुलगी तीन वर्षं साखळीहून पहाटेची बस धरून वेर्ण्याला जाते, शिफ्ट करते, पगार आणते. तिला जग कळत नाही असं लिहिताना तुमचा हात अडखळला नाही, याचं मला नवल वाटतं. एफडी कोणाच्या नावावर आहे तेही तुम्ही सांगितलेलं नाही. ती तिच्याच पगारातून साठलेली असेल, तर हे पत्र तुम्ही मला लिहायच्या आधी तिला दाखवायला हवं होतं.

खाणींचं लिहिलंत ते मी हलक्यात घेत नाही. 2012 ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मधे सुरू झाल्या, 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं परत थांबल्या. अंगणात उभे राहिलेले ट्रक आणि थकलेले बँकेचे हप्ते डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी घरांनी पाहिलेत. अशा घरातल्या बापाला खाजगी नोकरीची धास्ती वाटणारच. पण उपाय काय काढलात बघा. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराचा भरवसा नाही, म्हणून पगारच नसलेल्या धंद्यात मुलीला लोटायचं, तेही घरची शिल्लक मोडून.

आता तो गैरसमज, जो तुमच्या एकट्याचा नाही: जो छान बोलतो तो छान ट्रेनर होतो. वक्तृत्व स्पर्धेत गुण बोलणाऱ्याला मिळतात. प्रशिक्षणात काय झालं ते ऐकणाऱ्याकडे बघून ठरतं, आणि तेही हॉलमध्ये बसून कळत नाही, महिन्याभरानं त्याच्या कामाच्या जागी जाऊन बघावं लागतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी 1959 मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या मांडल्या, त्या अजूनही वापरात आहेत. लोकांना आवडलं का, ते काही शिकले का, कामावर गेल्यावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून कंपनीच्या कामात फरक पडला का. पन्नास हजारवाल्या सरांचे कार्यक्रम बहुतेक पहिल्या पायरीवरच संपतात. टाळ्या, फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच, ग्रुप फोटो, बुफे जेवण. सोमवारी सगळं जिथल्या तिथं. अशा हॉलमध्ये मागच्या रांगेत मीही बसले आहे. करमणूक चांगली होते, ते नाकारत नाही. पण जत्रेच्या नाटकात उभी राहणारी मुलगी तेवढं उद्या सकाळी करून दाखवेल. त्याला 95 हजार कशाला?

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय: नवीन पोरांना दाखवण्यात तिचे दिवस वाया जातात.

औषधाच्या प्लांटमध्ये कपडे घालणं म्हणजे काय, हे एकदा तिच्याकडून ऐका. चेंजरूममध्ये मधोमध आडवा बाक असतो. बाहेरची चप्पल अलीकडे राहते. बाकावर बसून एकेक पाय पलीकडे न्यायचा, तोही आतलं पादत्राण चढवूनच. अंगठी, घड्याळ, टिकली बाहेर. केसांची एक बट टोपीबाहेर दिसता कामा नये, कोट चढवताना त्याचं टोक जमिनीला लागता कामा नये. आणि मशीन साफ करणं म्हणजे फडकं मारणं नव्हे. एक बॅच संपून दुसरी सुरू व्हायच्या आधी पहिलीची एक गोळी, एक लेबल, एक रिकामा खोका लाइनवर उरलेला चालत नाही. प्लांटवाले याला लाइन क्लिअरन्स म्हणतात. कन्व्हेयरखाली विसरलेल्या एका खोक्यात पुढच्या औषधाची पट्टी गेली, की बाहेर नाव मधुमेहाच्या गोळीचं आणि आत रक्तदाबाची. तो खोका उद्या साखळीच्या फार्मसीतही येऊ शकतो.

कामगारांना शिकवणं आणि त्याची नोंद ठेवणं आपल्या शेड्यूल एममध्ये, म्हणजे औषधनिर्मितीच्या सरकारी नियमांत, बंधनकारक आहे, अमेरिकेच्या नियमांतही आहे. तपासनीस फायली बघतातच, पण लाइनवर उभ्या असलेल्या पोरालाही थांबवून विचारतात, हे असंच का करतोस? तो काय बोलतो, हे त्याला कोणी शिकवलं यावर अवलंबून. तुमच्या मुलीच्या वरिष्ठांनी ते काम तिच्याकडे दिलंय. ज्या कामासाठी तुम्ही तिला पणजीला धाडताय, ते ती वेर्ण्यात आधीपासून करतेय.

या कामाची एक जुनी रीत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले, कारखान्यांत नवखी माणसं आली, त्यात बायका पुष्कळ. त्यांना झटपट तयार करायला 1940 मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्यातली शिकवण्याची रीत अशी: शिकणाऱ्याला आधी सैल करा, त्याला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा, कळीच्या जागा सांगा. मग त्याच्याकडून करून घ्या. मग एकट्याला सोडा आणि अधूनमधून डोकावा. युद्धानंतर ही रीत जपानला गेली, टोयोटानं उचलली. यात कस लागतो तो तिसऱ्या टप्प्यावर, कारण तिथं शिकणाऱ्यानं हात चालवता चालवता 'असं का' हेही स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं. कुंडईच्या एका कारखान्यात मी एका बाईंना हे करताना पाहिलं. ओडिशाहून आलेल्या मुलाला काम करून दाखवून झाल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, 'अब तुम मेरेकू सिखाव.' मुलगा एका जागी अडखळला. बाई गप्प. त्यानं मागं जाऊन त्या जागेपासून परत सुरुवात केली आणि दुसऱ्या खेपेला सुटला. बाईंनी सगळ्या वेळात दहा वाक्यंही उच्चारली नसतील.

इंग्रजीची काळजीही सध्या बाजूला ठेवा. वेर्णे, कुंडई, पिळर्णच्या कारखान्यांत लाइनवर हिंदी, कोकणी, मराठी, कानडी चालतं. एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत, इंग्रजीत असते, आणि ती त्या पोरांना समजेल अशा बोलीत उतरवून सांगणारं माणूस दुर्मीळ असतं. तुमच्या मुलीला ते जमत असणार, नाहीतर नवी पोरं तिच्याकडे पाठवली नसती.

चांगल्या ट्रेनरची आणखी एक खूण सांगते, कारण नऊ दिवसांच्या कोर्सात ती कोणी सांगणार नाही. शिकवायची गरजच नसेल तर तो तसं तोंडावर सांगतो. समजा कळंगुटच्या हॉटेलमालकाला वाटतंय, हाउसकीपिंगची पोरं आळशी आहेत, खोल्या वेळेवर तयार होत नाहीत, त्यांना जरा मोटिव्हेट करा. ट्रेनर आधी एक दिवस मजल्यावर फिरतो, आणि त्याला दिसतं की लाँड्रीतून चादरीच साडेबाराला येतात. इथं भाषणाचा उपयोग शून्य, लाँड्रीची गाडी लवकर यायला हवी. हे सांगणारा त्या दिवसाची फी गमावतो, कधीकधी पुढचं बोलावणंही.

पैशाचं बोलू. दिवसाला पन्नास हजार असतीलही. महिन्यात असे दिवस किती, हे त्या सरांना विचारलंत का? गोवा लहान आहे. हॉटेलवाले प्रशिक्षण काढतात ते पावसाळ्यात, ऑक्टोबरात सीझन लागला की तिकडे कोणाला मान वर करायला वेळ नसतो. तयारीच्या दिवसांचे पैसे कोणी देत नाही, आणि बिल निघायला महिने जातात. बऱ्यापैकी नियमित मागणी असते ती कायद्यानं करावंच लागणाऱ्या प्रशिक्षणाला: 2013 च्या कायद्याखाली कामाच्या जागी लैंगिक छळ रोखण्याविषयीचं, अन्नसुरक्षेचं, आगीचं, प्रथमोपचाराचं. तिथं विषय पक्का लागतो, आवाजाचे चढउतार कोणी विचारत नाही. आणि 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाला फार भुलू नका. ट्रेनर व्हायला आपल्या देशात परवाना लागत नाही, त्यामुळे सर्टिफिकेट कोणीही छापतो.

नेहमीचे रस्ते तुम्हाला ठाऊक असतीलच: एचआरमधलं एमबीए किंवा तशीच व्यवस्थापनाची पदविका (साखळीजवळच जीआयएम ही व्यवस्थापन संस्था आहे, प्रवेश परीक्षा अवघड आणि फी जड), नोकरी करता करता आयएसटीडी या प्रशिक्षकांच्या संस्थेचा ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटचा डिप्लोमा. यातलं काहीही आज घाईनं करण्यासारखं नाही.

तिला या वाटेनं जायचं असेल, आणि हे 'असेल' तिनंच ठरवायचं आहे, तर सुरुवात प्लांटमधूनच होते. वरिष्ठांकडे जाऊन तिनं सांगावं: मी शिकवते ते प्रशिक्षणाच्या नोंदींत ट्रेनर म्हणून माझ्या नावावर यावं, कंपनी ट्रेनर तयार करायचे कार्यक्रम घेत असेल तर मला पाठवावं. क्वालिटी विभागात प्रशिक्षणाचं काम बघणारी माणसं असतात, तिथं जागा निघाली की अर्ज करावा. नवी पोरं कुठल्या पायरीवर चुकतात, हे एका वहीत तारीख घालून लिहीत जावं. नोकरी बदलताना मुलाखतीत ही वही पुढं ठेवली, तर नऊ दिवसांच्या सर्टिफिकेटपेक्षा जड भरेल. स्वतंत्र व्यवसायाचा विचार चार-पाच वर्षांनी. तोवर ज्या कंपन्यांत काम केलं तिथली माणसंच पहिलं बोलावणं देतात. आणि तिला शिकवण्यात काडीचा रस नसेल, लाइनवरून प्रॉडक्शनमध्येच वर जायचं असेल, तर तोही विषय तिथंच संपला. नाटक ती हौसेनं करते. त्याचं करिअर करायलाच हवं असं काही नाही.

शिफ्टची दगदग हे तुमचं खरं दुखणं असेल तर तसं तिच्याशी सरळ बोला. जनरल शिफ्टची जागा मागता येते, वेर्ण्याजवळ मैत्रिणींबरोबर खोली घेता येते. दुसरा पर्याय तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे.

टोकनचं: संस्थेला आजच ईमेल करा, प्रवेश रद्द, दहा हजार परत द्या. पावती जोडा, फोनवर बोलणी नकोत. त्यांनी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. 'टोकन परत मिळणार नाही' असं पावतीवर छापलेलं असलं तरी नोंदवा. एवढं करूनही नाही आले, तर दहा हजार गेले म्हणा. ते वसूल करण्यासाठी उरलेले पंच्याऐंशी भरू नका.