स्ट्रेन, व्हेरिएंट की उपप्रकार?

विचारणा अशी आहे: कोविडच्या बातम्यांत म्युटेशन, व्हेरिएंट आणि स्ट्रेन हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ते समानार्थी आहेत का? आणि मराठीत सरसकट 'उपप्रकार' म्हटलं तर चालेल का?

समानार्थी नाहीत. म्युटेशन म्हणजे उत्परिवर्तन, आणि ते घडतं. कोरोना विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा. नक्कल करताना त्यातलं एखादं अक्षर चुकतं, ते उत्परिवर्तन. 'डी६१४जी' हे अशाच एका बदलाचं नाव. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काटेरी प्रथिनात ६१४व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल हे अमिनो आम्ल (खूण डी) होतं, तिथे ग्लायसिन (खूण जी) आलं, एवढंच ते सांगतं. असे बदल घेऊन फिरणारा विषाणू म्हणजे व्हेरिएंट. तेव्हा उत्परिवर्तन 'होतं' आणि व्हेरिएंट 'पसरतो'. क्रियापद लावून पाहिलं की घोळ लगेच उघडा पडतो. २०२१मध्ये गाजलेला 'डबल म्युटंट' तर फारच फसवा शब्द. तो ज्याला चिकटला त्या बी.१.६१७ या व्हेरिएंटमध्ये बदल दोनाहून बरेच जास्त होते. नाव पडलं दोन ठळक बदलांवरून, पण ऐकणाऱ्याला वाटलं विषाणू दुप्पट जहाल झाला!

स्ट्रेनचं जरा वेगळं आहे. 'वाण नाही पण गुण लागला' म्हणतो ना आपण, तोच भेद इथे धरावा. जनुकीय मजकूर बदलला की व्हेरिएंट. त्यामुळे विषाणूचे गुणही बदलल्याचं दिसलं, तरच काटेकोर अर्थाने स्ट्रेन. अर्थात शास्त्रज्ञही बोलताना हा भेद नेहमी पाळत नाहीत, त्यामुळे बातमीदारांना फार धारेवर धरण्यात अर्थ नाही.

'उपप्रकारा'ला मात्र माझा विरोध आहे, कारण इन्फ्लुएन्झाने तो शब्द आधीच अडवलाय. ए प्रकारच्या इन्फ्लुएन्झाचे एच१एन१, एच३एन२ हे उपप्रकार पृष्ठभागावरच्या दोन प्रथिनांवरून ठरतात, आणि एकेका उपप्रकारात पुन्हा कितीतरी व्हेरिएंट असतात. त्यापेक्षा व्हेरिएंट हाच शब्द राहू द्यावा. रुळलाय तो.

वंशावळीसाठी मात्र 'शाखा' आणि 'पोटशाखा' हे आपले शब्द चपखल बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ला अल्फा, बीटा, डेल्टा ही ग्रीक अक्षरं दिली ती देशांच्या नावाने विषाणू ओळखला जाऊ नये म्हणून. जगभरातल्या नमुन्यांवरून प्रसाराचा माग काढणारे लोक मात्र पँगो पद्धतीची, म्हणजे वंशावळीनुसार अक्षरं आणि आकडे जोडून दिलेली, नावं वापरतात, आणि ती वाचायला सोपी आहेत. प्रत्येक टिंबानंतर एक पिढी खाली. अक्षरांपुढे टिंबांनी वेगळ्या केलेल्या तीनच संख्या चालतात; चौथी जोडायची वेळ आली की नवी अक्षरं घ्यायची. बी.१.१.५२९ म्हणजे ओमायक्रॉन. त्याच्या पुढची पिढी बीए या अक्षरांखाली गेली. त्यातल्या बीए.२.८६.१च्या खाली आणखी एक पायरी आली, तेव्हा चौथ्या संख्येऐवजी जेएन ही नवी अक्षरं घेतली, आणि त्या पायरीचं नाव झालं जेएन.१. म्हणजे जेएन.१ हा ओमायक्रॉनचाच वंशज. 'ओमायक्रॉन गेला, जेएन.१ आला' हे वाक्य चूक. नावाची सुरुवात एक्सने झाली, जसं एक्सबीबी, तर दोन शाखांचा संकर समजावा. एक्सबीबीचे दोन्ही जनक बीए.२चेच वंशज, म्हणजे संकरही भाऊबंदांतलाच.